कॉलेजात तीन तऱ्हेची लिनक्स आणि वर विंडोज लॅब: एकच जॉब शेड्युलर चालेल का?

घाटवाटा | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या विज्ञान विभागाची संगणकं सांभाळतो. हुद्दा प्रयोगशाळा सहायकाचा, काम सिस्टम अ‍ॅडमिनचं. ते असो.

आमच्याकडे जी जत्रा जमलीय ती अशी. एक जुना झिऑन सर्व्हर, त्यावर सेंटओएस ७. चार नवी वर्कस्टेशन्स, उबुंटू २२.०४. एका संशोधन प्रकल्पातून आलेली दोन मशिन्स, त्यांवर रॉकी ९. आणि शिकवण्याच्या लॅबमध्ये विंडोज १० चे पंचवीस-तीस पीसी, जे संध्याकाळी पाचनंतर नुसते बसून असतात.

सध्या पोरं थेट एसएसएच करून लॉगिन होतात आणि प्रोग्रॅम सोडून देतात. एकाच मशिनवर तिघांचे जॉब, शेजारचं मशिन रिकामं. मग भांडणं माझ्याकडे.

म्हणून स्लर्म घालायला घेतलं, म्हणजे कुणाचं काम कोणत्या मशिनवर कधी चालवायचं ते ठरवणारा जॉब शेड्युलर. उबुंटूवर आपल्या नेहमीच्या एपीटीने, रॉकी आणि सेंटओएसवर इपेल या जादा पॅकेजांच्या भांडारातून. कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांना काम वाटणारा भाग, एका उबुंटूवर ठेवलाय. उबुंटूची मशिन्स एकमेकांनाही ओळखत नाहीत, मग बाकीच्यांची काय कथा. मशिन्सची स्थिती दाखवणाऱ्या एस-इन्फोमध्ये सगळीकडे ‘डाउन’. आणि विंडोजचं काय करायचं हे तर कळतच नाहीये. शेड्युलर एकच हवा, अशी सरांची इच्छा. कुणी हे निस्तरलंय का?

(फोनवरून लिहितोय, कमांडसुद्धा देवनागरीतच येतील, सांभाळून घ्या.)

जुनं_खोड | सोमवार, रात्री ११:१५

आधी एक सांगा, जॉब कोणत्या जातीचे आहेत? एकच गणित चार मशिन्सवर वाटून, एमपीआयने एकमेकांशी बोलत चालणारं? की एकेका मशिनवर मावणारं? की हजारो छोटी छोटी गणितं, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही अशी?

शेड्युलर कोणता, हे यावर ठरतं. ऑपरेटिंग सिस्टम हा नंतरचा प्रश्न. आणि नुसतं ‘डाउन’ सांगू नका, लॉगमधली ओळ द्या. स्लर्म फार बोलकं आहे, फक्त ऐकायला कुणी बसत नाही.

पावसाळी_बेडूक | सोमवार, रात्री ११:३१

एपीटीने नेमकं काय इन्स्टॉल केलंत? डेबियन-उबुंटूत ‘स्लर्म’ या नावाचं जे पॅकेज आहे ते नेटवर्कची ये-जा दाखवणारं भलतंच टूल आहे. आपल्याला हवं ते ‘स्लर्म-डब्ल्यूएलएम’. आमच्या इथे एक जण दुपारभर तो हलणारा आलेख बघत क्लस्टर सुरू झाला म्हणून खूश होता. 😀

घाटवाटा | मंगळवार, सकाळी ९:०५

पॅकेज बरोबर आहे हो, डब्ल्यूएलएमच.

काका, जॉबचं सांगतो. रसायनशास्त्रवाल्यांची क्वांटम केमिस्ट्रीची गणितं, एका मशिनवर ८ ते १६ कोअर, दोन-तीन दिवस चालणारी. भौतिकवाल्यांचं माँटे कार्लो, एकच प्रोग्रॅम वेगवेगळ्या सीडने हजारो वेळा, प्रत्येक फेरी पंधरा-वीस मिनिटांची. खरं एमपीआय वापरणारी एकच विद्यार्थिनी आहे, तीही कधीतरी.

लॉग: उबुंटू आणि सेंटओएसच्या नोडवर (म्हणजे काम करणाऱ्या मशिन्सवर) मंजची तक्रार, ‘इनव्हॅलिड क्रेडेन्शियल’. सेंटओएसवर मधूनच ‘रिवाउंड क्रेडेन्शियल’ पण येतं. रॉकीवर वेगळंच, ‘इनकम्पॅटिबल व्हर्जन्स ऑफ क्लायंट अँड सर्व्हर कोड’.

जुनं_खोड | मंगळवार, दुपारी १:२०

हे बघा, लॉगने सगळं सांगितलंय. तीन वेगळी दुखणी आहेत. एकत्र पाहिलीत तर डोकं फिरेल.

पहिलं, किल्ली. स्लर्मच्या नोड्समधली ओळखपाळख मंज करतं. सगळ्या मशिन्सवर एट्सी-मंजमधली मंज-डॉट-की अक्षरशः एकच असावी लागते. गंमत अशी की उबुंटूचं मंज पॅकेज इन्स्टॉल होतानाच स्वतःची किल्ली बनवून मोकळं होतं. म्हणजे तुमच्या चार मशिन्सवर चार वेगळ्या किल्ल्या आहेत आणि प्रत्येकीला वाटतंय आपलं बरोबर. आरपीएमवाल्या जगात किल्ली आपण बनवायची असते, तिथे निदान ती नाही म्हणून ओरड तरी होते. कंट्रोलरवरची किल्ली एससीपीने सगळीकडे न्या. ती बायनरी फाइल आहे, एडिटरमध्ये उघडून कॉपी-पेस्ट करू नका. मालक मंज, परवानगी ०४००. मग ‘मंज -एन’ चा आउटपुट एसएसएचमधून दुसऱ्या मशिनवरच्या ‘अनमंज’ला पाइप करा. ‘सक्सेस’ येईपर्यंत स्लर्मला हातही लावू नका.

दुसरं, घड्याळ. ‘रिवाउंड’ म्हणजे पत्र उद्याच्या तारखेचं आलंय. मंजचं क्रेडेन्शियल मुळात ३०० सेकंद वैध असतं, घड्याळं त्याहून जास्त सरकली की झालं. कॉलेजांच्या फायरवॉलमध्ये बहुतेक वेळा बाहेरचं एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची सोय), म्हणजे यूडीपी १२३, बंद असतं. नोड बिचारे बाहेर विचारत राहतात, उत्तर येत नाही, आणि जुन्या मदरबोर्डचं घड्याळ मनाला येईल तसं धावतं. कंट्रोलरवर क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम बसवा आणि बाकीच्यांना त्याच्याकडेच वेळ विचारायला लावा. कंट्रोलरची वेळ जगाशी जुळली नाही तरी एक वेळ चालेल, एकमेकांशी जुळली पाहिजे.

हे झालं की नावं तपासा. उबुंटू होस्ट्स फाइलमध्ये स्वतःचं नाव १२७.०.१.१ ला बांधून ठेवतं. कंट्रोलरवर ती ओळ राहिली तर गोंधळ होतो. तिथे खरा आयपी लिहा. शिवाय रॉकी आणि सेंटओएसवर फायरवॉल-डी मुळातच चालू असतं, उबुंटूचं यूएफडब्ल्यू मुळात बंद. म्हणून ‘उबुंटूवर चालतं, रॉकीवर नाही’ असं वाटतं. पोर्ट ६८१७ आणि ६८१८ उघडा, आणि एस-रन या जॉब चालवणाऱ्या कमांडसाठी ‘एसरन-पोर्ट-रेंज’ ठरवून तेवढी पट्टी उघडा.

तिसरं व्हर्जनचं. त्यावर निळीताई जास्त नीट सांगतील, त्यांनी हे भोगलंय.

निळी_शाई | मंगळवार, रात्री ९:५०

भोगलंय खरंच. 🙂

स्लर्मचा नियम असा: कंट्रोलरचं व्हर्जन नोडच्या बरोबरीचं किंवा नवं असावं, जुनं कधीच नाही. अकाउंटिंगचा डेटाबेस डीमन असेल तर तो कंट्रोलरइतका किंवा त्याहून नवा. खालच्या बाजूला दोन मोठी व्हर्जन्स मागे असलेला नोड चालतो. आता तुमचं बघा. उबुंटू २२.०४ च्या भांडारात स्लर्म २१.०८ आहे, इपेल ९ मध्ये २२.०५. म्हणजे रॉकीवरचा स्लर्म-डी (नोडवर चालणारा स्लर्मचा भाग) कंट्रोलरपेक्षा नवा, आणि कंट्रोलर त्याच्याशी बोलायला तयार नाही. सेंटओएसवरचं जुनं आहे, ते चालून जाईल.

मग कंट्रोलर रॉकीवर नेला की झालं, असं वाटेल. होईलही, पण पुढे सी-ग्रुप (प्रत्येक जॉबला कोअर-मेमरीची मर्यादा घालणारी लिनक्सची सोय) आडवं येईल. सेंटओएस ७ वर सी-ग्रुपची पहिली आवृत्ती, उबुंटू २२.०४ आणि रॉकी ९ वर दुसरी. स्लर्मला दुसरी आवृत्ती कळायला लागली २२.०५ पासून. म्हणजे उबुंटूचं स्वतःचं २१.०८ उबुंटूच्याच सी-ग्रुपशी बोलू शकत नाही! कर्नलला बूट करताना जुनी पद्धत वापरायला लावता येतं, पण ते ठिगळ आहे. आणि सी-ग्रुपशिवाय शेड्युलर म्हणजे नुसती विनंती. पोरगं चार कोअर मागेल आणि सोळा खाईल.

माझं स्पष्ट मत: भांडारातली पॅकेजेस सोडा. मूळ सोर्सची एकच टारबॉल घ्या, २३.११ किंवा पुढची, आणि प्रत्येक ओएसवर तिथल्या तिथे बांधा. रॉकी-सेंटओएसवर ‘आरपीएम-बिल्ड -टीए’. उबुंटूसाठी २३.११ पासून डेबियन पॅकेजिंगचं सामान टारबॉलमध्येच येतं. बांधण्याआधी मंज आणि डी-बसची डेव्हलपमेंट पॅकेजेस घाला. डी-बस राहिलं तर सी-ग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीचा प्लगिन गुपचूप वगळला जातो, बिल्ड मात्र यशस्वी दिसतं. सी-ग्रुप-डॉट-कॉन्फमध्ये प्लगिन ‘ऑटोडिटेक्ट’ ठेवा, म्हणजे प्रत्येक नोड आपापलं ओळखतो.

आणि कॉन्फिग फाइल मशिनमशिनवर कॉपी करत बसू नका. ‘कॉन्फिगलेस’ नावाची सोय २०.०२ पासून आहे, नोड सुरू होताना कंट्रोलरकडून फाइल मागून घेतो. एरवी जुन्या उबुंटूवर ती स्लर्म-एलएलएनएल फोल्डरात, इतरत्र स्लर्म फोल्डरात, असले घोळ होतात.

रांगडा_गडी | मंगळवार, रात्री १०:१४

एवढा खटाटोप कशाला? सगळ्यांवर रॉकी ९ टाका, एका शनिवार-रविवारचं काम. सेंटओएस ७ चा पाठिंबा ३० जून २०२४ ला संपलाय. ते मशिन नेटवर्कवर ठेवणंच चुकीचं.

घाटवाटा | बुधवार, सकाळी ८:४०

गडी, मलाही तेच वाटतं. पण त्या सर्व्हरवर एक विकतचं सॉफ्टवेअर आहे, त्याचा परवाना त्याच मशिनला आणि त्याच ओएसला बांधलेला. विकणारा आता फोन उचलत नाही. रसायनच्या मॅडमचं निम्मं काम त्यावर. ओएस बदलली आणि ते उठलं नाही तर मला गाव सोडावं लागेल.

निळी_शाई | बुधवार, सकाळी ११:०२

मग राहू दे. बाहेरच्या इंटरनेटपासून तोडा, आतल्या नेटवर्कवरच ठेवा, आणि स्लर्ममध्ये त्या नोडला ‘फीचर=सेंट७’ द्या. बाकीच्यांना ‘उबुंटू२२’ आणि ‘रॉकी९’. ज्याला ते सॉफ्टवेअर हवं तो ‘कन्स्ट्रेंट’मध्ये सेंट७ लिहील.

ओएस मिसळलेल्या क्लस्टरमध्ये दोन गोष्टी नक्की चावतात. एक म्हणजे जी-लिब-सी, लिनक्सची मूळ सी लायब्ररी. सेंटओएस ७ चं २.१७, रॉकी ९ चं २.३४, उबुंटू २२.०४ चं २.३५. उबुंटूवर कंपाइल केलेला प्रोग्रॅम सेंटओएसवर ‘जी-लिब-सी सापडत नाही’ म्हणून पडतो. सगळ्यात जुन्या ओएसवर कंपाइल करा, किंवा अ‍ॅपटेनरचा कंटेनर करा. हेच पूर्वीचं सिंग्युलॅरिटी.

दुसरी जास्त फसवी. एस-बॅच (जॉब टाकायची कमांड) मुळात जॉब टाकणाऱ्याचं सगळं एन्व्हायर्नमेंट उचलून नोडवर नेतं. उबुंटूवरचा लायब्ररी पाथ सेंटओएसवर जाऊन बसला की साधी ‘एलएस’सुद्धा भलतीच एरर देऊ शकते. स्क्रिप्टमध्ये ‘एक्स्पोर्ट=नन’ घाला आणि लागतील ती मॉड्यूल्स स्क्रिप्टमध्येच लोड करा.

पावसाळी_बेडूक | बुधवार, दुपारी ३:१८

विंडोजचा प्रश्न लटकलाच की. डब्ल्यूएसएल-२ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) मध्ये उबुंटू टाकून त्यात स्लर्म-डी नाही का चालणार?

जुनं_खोड | बुधवार, दुपारी ४:००

हट्टाने चालवता येईल. पण विंडोज १० वरचं डब्ल्यूएसएल-२ एनएटीच्या आड बसतं. कंट्रोलरला आतला नोड दिसत नाही, रीस्टार्टनंतर आतला आयपी बदलतो. विंडोज ११ मध्ये ‘मिरर्ड’ नेटवर्किंग आलं, १० वर ते नाही. तीस पीसींवर पोर्ट फॉरवर्डिंगच्या स्क्रिप्ट कोण सांभाळणार? मूळ विंडोजवर तर स्लर्म नाहीच. विंडोजला स्लर्मच्या दावणीला बांधू नका.

मेंडोटाकाठचा | गुरुवार, सकाळी ६:३५

विंडोज म्हटलं म्हणून आलो. शिकायला अमेरिकेत मॅडिसनला होतो, तिथल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातच एचटीकॉन्डर हे शेड्युलरचं सॉफ्टवेअर घडलं. मिरॉन लिव्हनी यांच्या गटाने १९८८ च्या सुमारास सुरू केलं, तेव्हा नाव नुसतं ‘कॉन्डर’, २०१२ मध्ये ‘एचटी’ जोडलं गेलं. त्याची मूळ कल्पनाच तुमच्या लॅबची आहे: टेबलावरचं मशिन रिकामं असेल तेव्हा कामाला लावायचं, मालक परत आला की बाजूला व्हायचं. लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हींवर चालतं.

रचना थोडक्यात. एक सेंट्रल मॅनेजर, तो तुमच्या स्लर्म कंट्रोलरवरच राहू शकतो. जॉब टाकायचं मशिन, तेही लिनक्सच ठेवा. विंडोजचे पीसी फक्त काम करणारे, ‘एक्झिक्यूट’ भूमिकेत. विंडोजवर एमएसआय इन्स्टॉलर आहे, सी ड्राइव्हमध्ये कॉन्डर फोल्डरात बसतो आणि सर्व्हिस म्हणून चालतो. लागणारं पोर्ट ९६१८. व्हर्जन ९ पासून सुरक्षा मुळातच चालू असते, त्यामुळे प्रत्येक पीसीला सेंट्रल मॅनेजरकडून टोकन द्यावं लागतं. जुन्या ब्लॉगांवर ‘सगळ्यांना परवानगी’वाल्या ओळी सापडतील, त्या उचलू नका.

प्रत्येक मशिन स्वतःची जाहिरात देतं, ‘माझी ओएस ही, मेमरी एवढी, कीबोर्डला इतका वेळ हात लागलेला नाही’. जॉबही आपली अपेक्षा सांगतो. मॅनेजर जुळवतो. लग्न जमवणाऱ्या मंडळाचंच काम म्हणा. पीसीच्या ‘स्टार्ट’ अटीत लिहा की कीबोर्ड पंधरा मिनिटं शांत असेल तरच जॉब घ्यायचा.

आता जिथे सगळे अडकतात ते. तुम्ही लिनक्सवरून जॉब टाकलात आणि ओएसचा उल्लेख केला नाहीत, तर कॉन्डर स्वतःहून ‘लिनक्सच हवं’ अशी अट जोडतं. तीस पीसी रिकामे आणि जॉब रांगेत ‘आयडल’! ‘कॉन्डर-क्यू’ला ‘बेटर-अ‍ॅनलाइझ’ जोडून चालवा, कोणत्या अटीला किती मशिन्स बसतात ते छापून देतं. रिक्वायरमेंट्समध्ये ओपसिस (म्हणजे ओएसचं नाव) लिनक्स किंवा विंडोज असं दोन्ही लिहा, आणि एक्झिक्यूटेबलच्या नावात दोन डॉलर चिन्हं घालून कंसात ओपसिस लिहा. मशिन जुळल्यावर तिथे त्या ओएसचं नाव भरलं जातं. त्या त्या नावाचा, त्या त्या ओएसवर कंपाइल केलेला प्रोग्रॅम मात्र तुम्ही ठेवलेला असायला हवा. कॉन्डर प्रोग्रॅमचं भाषांतर करून देत नाही.

सामायिक ड्राइव्हच्या भानगडीत पडू नका. फाइल ट्रान्स्फर चालू ठेवा, इनपुट जातं, आउटपुट परत येतं. विंडोजवर जॉब तात्पुरत्या स्लॉट-युजरच्या नावाने चालतो, त्यामुळे लिनक्सवरून टाकताना विंडोजचा पासवर्ड साठवायची गरज पडत नाही.

तुमचं पंधरा-वीस मिनिटांचं माँटे कार्लो यासाठी अगदी योग्य. पीसीवर कुणी येऊन बसलं तर एक फेरी वाया जाईल, ती दुसरीकडे परत चालेल. तीन दिवसांचं क्वांटम केमिस्ट्री मात्र चुकूनही तिकडे पाठवू नका.

जुनं_खोड | गुरुवार, सकाळी १०:१०

पटलं. ‘शेड्युलर एकच’ हा सरांचा आग्रह सोडवा. सहा-सात लिनक्स मशिन्सना स्लर्म, विंडोज लॅबला कॉन्डर. पुण्यात आयसरच्या परम ब्रह्म या महासंगणकावर स्लर्म आहे, आयुकात लायगोची (गुरुत्वीय लहरींच्या प्रकल्पाची) गणितं करणाऱ्या सारथी क्लस्टरवर कॉन्डर. विद्यार्थी पुढे कुठेही गेले तरी शिकलेलं वाया जात नाही, हे सरांना सांगा.

एकच भर. विंडोजचे स्लीप आणि रात्रीचे अपडेट आधी आवरा. आणि संध्याकाळी लॅबचा मेन स्विच कोण पाडतं ते बघा. हे कोणत्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं.

घाटवाटा | पुढचा मंगळवार, रात्री ११:२०

मेन स्विच शिपाईमामा पाडायचे, साडेपाचला, न चुकता. आता प्राचार्यांच्या सहीचा कागद बोर्डाशेजारी लावलाय.

स्लर्मचं: काकांच्या क्रमानेच गेलो. किल्ली, क्रोनी, होस्ट्स फाइल, फायरवॉल. उबुंटू आणि सेंटओएस त्याच दिवशी ‘आयडल’, म्हणजे कामाला मोकळे. मग निळीताईंच्या सल्ल्याने २३.११ सगळीकडे बांधलं आणि रॉकीही आले. पण दुसऱ्या दिवशी दोन्ही रॉकी ‘ड्रेन’ (नवे जॉब बंद), कारण ‘लो रिअल-मेमरी’. ६४ जीबी आहे म्हणून ६५५३६ लिहिलेलं, पण कर्नल स्वतःसाठी काही राखतो, तेवढी भरतच नाही. ‘स्लर्म-डी -सी’ जी ओळ छापतं त्याहून थोडी कमी मेमरी लिहिली, एस-कंट्रोलने नोड ‘रिझ्यूम’ केले. गुरुवारी वीज गेली, यूपीएस संपला, आणि वीज आल्यावर नोड उठूनही ‘डाउन’च. ‘रिटर्न-टू-सर्व्हिस’ मुळात ० असतं, ते २ केलं. आमच्याकडच्या विजेला २ च बरं.

कॉन्डर सध्या सहा पीसींवर आहे. भौतिकवाले सकाळी येऊन आधी निकाल बघतात, मग चहा.

एक नवं लचांड: एनएफएसवरच्या (सगळ्या मशिन्सना सामायिक) होम फोल्डरात फाइलींचे मालक बदललेले दिसतात. उबुंटूवर जी फाइल एका मुलाची, ती सेंटओएसवर दुसऱ्या मुलीच्या नावावर.

निळी_शाई | बुधवार, सकाळी ९:३०

एनएफएस नावं बघत नाही, युजरचा आकडा (यूआयडी) बघतं. उबुंटूवर १००१ एक जण, सेंटओएसवर १००१ दुसरीच, कारण खाती वेगवेगळ्या क्रमाने उघडली गेली. स्लर्मसुद्धा जॉब यूआयडीनेच चालवतं, म्हणजे एकाचा जॉब दुसऱ्याच्या अधिकारात चालू शकतो. हे आजच मिटवा.

मोठ्या ठिकाणी सगळी खाती एका जागी ठेवायला फ्री-आयपीए किंवा एल-डॅप लावतात. तुमचे वापरणारे पंधरा-वीस असतील तर एक यादी करा: नाव, यूआयडी, जीआयडी, आकडे ५००० पासून पुढे, म्हणजे कोणत्याही ओएसच्या आपोआप दिलेल्या आकड्यांशी टक्कर नको. त्या यादीवरून प्रत्येक मशिनवर खाती बनवणारी स्क्रिप्ट किंवा अ‍ॅन्सिबल. ‘स्लर्म’ या युजरचाही आकडा सगळीकडे एकच ठेवा, पॅकेज स्वतः बनवायच्या आत तुम्ही बनवा. जुन्या फाइलींचा मालक बदलताना क्लस्टर थांबवा, आणि ‘फाइंड’ आकड्याने चालवा, नावाने नको.

घाटवाटा | बुधवार, सकाळी ९:५२

आज दुपारी चालू जॉब संपताहेत, तेव्हाच करतो. ५००० ची कल्पना छान.

रांगडा_गडी | बुधवार, दुपारी १२:०५

आमच्याकडे एक मॅक मिनी पडून आहे, एम-१ वाली. ती पण कॉन्डरमध्ये घालता येईल का?

मेंडोटाकाठचा | बुधवार, संध्याकाळी ७:४५

येईल, कॉन्डर मॅकवर चालतं. पण प्रोसेसरची जात एआरएम, त्यामुळे लिनक्सच्या आणि विंडोजच्या जोडीला प्रोग्रॅमचा तिसरा बिल्ड करावा लागेल, आणि रिक्वायरमेंट्समध्ये ओएसबरोबर आर्किटेक्चरही लिहावं लागेल. शुद्ध पायथन असेल तर सोपं. एका मिनीसाठी सी++ चा बिल्ड सांभाळणार असाल तर मी म्हणेन ती ग्रंथालयात द्या.